टेबल टेनिसच्या खेळाडूचं घर कशावर चालतं?

मार्च 2025 मध्ये चेन्नईत शरथ कमल आपली शेवटची व्यावसायिक स्पर्धा खेळला. वय बेचाळीस. दहा वेळा राष्ट्रीय विजेता, पाच ऑलिंपिक, खेलरत्न. त्याआधी काही महिने दुसरी एक बातमी येऊन गेली होती: 2026 च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेच्या कार्यक्रमात टेबल टेनिस नाही. भारतीय खेळाडूंसाठी हा मोठा धक्का होता. 2018 च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुलमध्ये याच खेळात भारताने आठ पदकं जिंकली होती आणि त्यात आपल्या महाराष्ट्राच्या मधुरिका पाटकर, पूजा सहस्रबुद्धे आणि सनिल शेट्टी यांचा वाटा होता.

जळगाव, धुळे, भुसावळमध्ये मुलांना सरावाला सोडायला येणारे पालक तेव्हापासून एकच प्रश्न जास्त विचारतात. घरातल्या आजोबांनी तो अहिराणीत आधीच विचारलेला असतो: "खेयीसन पोट भरस का भो?" क्रिकेटपटूचं पोट कसं भरतं हे सगळ्यांना माहीत आहे. टेबल टेनिसचं गणित मात्र कुणी नीट मांडून सांगत नाही, आणि म्हणून एक तर पालक भलत्याच आशेवर पैसा ओततात, किंवा चांगल्या मुलाला दहावीच्या वर्षी रॅकेट कपाटात ठेवायला लावतात. दोन्ही वाईट.

व्यावसायिक म्हणायचं कुणाला?

जो माणूस दिवसाचे पाच-सहा तास हाच खेळ खेळतो आणि ज्याच्या घरातलं किराणा सामान याच खेळामुळे येतं, तो व्यावसायिक. "खेळामुळे" हा शब्द मुद्दाम वापरला आहे. भारतात या खेळाडूंचा पगार बहुतेक वेळा नोकरीतून येतो आणि नोकरी खेळामुळे लागते. बक्षिसाच्या पैशावर घर चालवणारे फार थोडे. हा फरक समजला की पुढचं सगळं सोपं होतं.

पंखा बंद ठेवून खेळायचा खेळ

टेबल 2.74 मीटर लांब, 1.525 मीटर रुंद. चेंडू 40 मिलिमीटरचा, प्लॅस्टिकचा, वजन फक्त 2.7 ग्रॅम. एवढ्या हलक्या चेंडूला पंख्याचं वारंही ढकलतं. भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा हॉलमध्ये कूलर लावला की चेंडू वाहवत जातो आणि बंद केला की पोरं घामाने निथळतात. घामाचा थेंब रबरवर पडला की फिरकीच बसत नाही. म्हणून आपल्याकडे उन्हाळ्यातला खरा सराव एक तर उजाडताना होतो, नाही तर रात्री.

या खेळाचा जीव फिरकीत आहे. चांगल्या खेळाडूच्या फटक्यात चेंडू सेकंदाला शंभराहून जास्त वेळा स्वतःभोवती फिरतो. समोरच्याला तो पाहून, फिरकी कुठली हे ओळखून, रॅकेटचा कोन बदलायला अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ मिळतो. विचार करायला सवडच नाही, शरीराने आपोआप करायला हवं. म्हणूनच या खेळात सुरुवात लहानपणी लागते. वयोगटाच्या राष्ट्रीय स्पर्धा अकरा वर्षांखालच्या मुलांपासून सुरू होतात, आणि पुढे जाणारे बहुतेक सहा ते नऊ वर्षांचे असताना टेबलापाशी पोचलेले असतात. तेरा-चौदाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याला आनंद पुरेपूर मिळेल. त्याला देशाच्या संघात जाण्याची आशा दाखवणारा प्रशिक्षक मात्र त्याच्याशी खरं बोलत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

सराव दोन प्रकारचा. पहिल्यात प्रशिक्षक बादलीतून एकामागून एक शंभर-शंभर चेंडू टाकतो आणि मूल एकच फटका घोटत राहतं. याला मल्टीबॉल म्हणतात. हा सराव कुठल्याही गावात होऊ शकतो. दुसरा प्रकार म्हणजे समोर तोडीचा खेळाडू उभा करून खेळणं, म्हणजे स्पारिंग. आपलं घोडं इथेच अडतं. त्याबद्दल पुढे सविस्तर बोलू, कारण माझ्या मते खान्देशातल्या मुलांचं भवितव्य याच एका गोष्टीवर ठरतं.

आणखी एक खर्च पालकांना उशिरा कळतो. रॅकेटचं लाकूड, म्हणजे ब्लेड, वर्षानुवर्षं टिकतं. त्यावर चिकटवलेलं रबर टिकत नाही. नामवंत जपानी किंवा जर्मन रबरची एक शीट चार-पाच हजारांच्या घरात जाते, दोन्ही बाजूंना दोन लागतात, आणि रोज दोन वेळा सराव करणाऱ्या मुलाचं रबर दोन-तीन महिन्यांत मंदावतं. घरात दोन भावंडं खेळत असतील तर हिशेब तुम्हीच करा.

रँकिंग आणि केळीची बाग

2021 पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांची मुख्य मालिका वर्ल्ड टेबल टेनिस नावाने चालते. डब्ल्यूटीटी म्हणून बातम्यांत येतं ते हेच. तिच्यात पायऱ्या आहेत. सगळ्यात वर ग्रँड स्मॅश, तिथे एकेरी जिंकणाऱ्याला 2000 गुण. खाली चॅम्पियन्समध्ये 1000, स्टार कंटेंडरमध्ये 600, कंटेंडरमध्ये 400. सगळ्यात खालची पायरी फीडर, तिथे जिंकूनही सव्वाशेच्या आसपास. खेळाडूच्या सर्वोत्तम आठ निकालांची बेरीज म्हणजे त्याचे रँकिंग गुण. रँकिंग चांगलं असेल तर मोठ्या स्पर्धेत थेट प्रवेश, नसेल तर आधी पात्रता फेरी, म्हणजे क्वालिफायिंग.

खरी मेख पुढे आहे. मिळालेले गुण बारा महिनेच टिकतात.

रावेर-यावलच्या माणसाला हे लगेच समजेल. केळीचं खोड एकदाच घड देतं. घड कापला की त्या खोडाचं काम संपलं, मग बाग कितीही देखणी असो. पुढच्या वर्षी उत्पन्न हवं असेल तर बुंध्याशी पील वेळेवर धरावं लागतं आणि पिलबाग पुन्हा पहिल्यासारखीच जोपासावी लागते. रँकिंगचं तसंच आहे. गेल्या एप्रिलमध्ये कंटेंडर जिंकून मिळवलेले 400 गुण या एप्रिलमध्ये कापले जातात. तेवढेच पुन्हा मिळवले तर खेळाडू आहे तिथे राहतो, नाही मिळवले तर घसरतो. एखाद्या हंगामात मनगट, खांदा, कंबर किंवा गुडघा दुखावला आणि सहा महिने घरी बसावं लागलं, तर एक अख्खा बहर गेला. परत आल्यावर पुन्हा पात्रता फेरीच्या रांगेत उभं राहायचं, तेही स्वतःच्या खर्चाने विमानाचं तिकीट काढून. पहिल्याच दिवशी हरलं तर सामान बांधून परत.

हा ताण केवळ आपल्या खेळाडूंना आहे असं नाही. पॅरिस ऑलिंपिकचा एकेरीतला सुवर्णविजेता चीनचा फान झेनदोंग आणि महिलांची सुवर्णविजेती चेन मेंग या दोघांनी डिसेंबर 2024 मध्ये जागतिक रँकिंगमधून आपली नावं काढून घेतली. मोठ्या स्पर्धांना गैरहजर राहिलं की दंड, या नियमाला त्यांनी दिलेलं हे उत्तर होतं. शिखरावर बसलेल्या माणसाला थांबायची मुभा नसेल, तर दोनशेव्या क्रमांकावरच्या मुलीची काय अवस्था असेल याचा विचार करावा.

"पण आंतरराष्ट्रीय स्पर्धेत बक्षीस तर डॉलरमध्ये असतं ना?"

असतं. पण किती आणि कुणाला, हेही पाहायला हवं. 2022 मध्ये पहिल्यांदा झालेल्या सिंगापूर स्मॅशची एकूण बक्षीस रक्कम 20 लाख डॉलर होती, तीही पुरुष, महिला, एकेरी, दुहेरी, मिश्र अशा सगळ्यांत वाटायची. लॉन टेनिसमध्ये 2024 च्या विम्बल्डनच्या एकेरी विजेत्याला एकट्याला 27 लाख पौंड मिळाले. दोन्ही ऑलिंपिक खेळ, दोन्हीत मेहनत तेवढीच, तरी पैशात इतकी तफावत. टेबल टेनिसमध्ये खालच्या पायऱ्यांवर तर प्रवास, हॉटेल आणि प्रशिक्षकाचा खर्च वजा केला की पहिल्या-दुसऱ्या फेरीत हरणाऱ्याच्या हातात काहीच उरत नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धा हा कमाईचा मार्ग आहे असं समजून कुणी कर्ज काढू नये. सुरुवातीची कित्येक वर्षं तो गुंतवणुकीचाच मार्ग असतो.

मग पैसा येतो कुठून?

पहिला आणि सगळ्यात भक्कम आधार नोकरीचा. राष्ट्रीय स्पर्धेचा निकाल वर्तमानपत्रात वाचताना नावापुढे राज्याऐवजी पीएसपीबी, आरबीआय किंवा रेल्वे असं दिसतं आणि अनेकांचा गोंधळ उडतो. शरथ कमल चेन्नईचा, पण राष्ट्रीय स्पर्धेत खेळायचा पीएसपीबीकडून, म्हणजे सरकारी तेल कंपन्यांच्या क्रीडा मंडळाकडून. नोकरी इंडियन ऑइलमध्ये. हैदराबादची श्रीजा अकुला रिझर्व्ह बँकेची. या संस्था स्वतःचे संघ उतरवतात, खेळाडूला महिन्याचा पगार देतात, सरावाला आणि स्पर्धांना सुटी देतात. खेळ थांबल्यावरही नोकरी राहते. भुसावळच्या लोकांना हे नवीन नाही, कारण रेल्वेत खेळाच्या कोट्यातून लागलेला कुणी ना कुणी प्रत्येक गल्लीत सापडतो. महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांतही खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे.

मात्र ही दारं प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्याने उघडत नाहीत. त्यासाठी राष्ट्रीय पातळीवरचं पदक किंवा वरचा क्रमांक लागतो, आणि एका वर्षी सगळ्या संस्था मिळून निवडतात त्या जागा फार थोड्या. जिल्हा स्पर्धा तीनदा जिंकली म्हणून नोकरी ठरलीच, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये.

दुसरा आधार सरकारी मदतीचा. खेलो इंडियात निवड झालेल्या मुलाला वरखर्चासाठी वर्षाला 1 लाख 20 हजार रुपये मिळतात. प्रशिक्षण आणि राहण्याचा खर्च त्याशिवाय. ऑलिंपिकच्या तयारीसाठी निवडलेल्या मोजक्या खेळाडूंना टॉप्स योजनेतून महिन्याला 50 हजार रुपये भत्ता मिळतो, आणि परदेशातला सराव व स्पर्धांचा मंजूर खर्चही निघतो. पण हा पैसा कामगिरीशी बांधलेला असतो. यादी बदलते तसा तो थांबतो.

तिसरा आधार लीगचा. भारतात 2017 पासून अल्टिमेट टेबल टेनिस सुरू झाली, तिच्यात मुंबई-पुण्याचे संघ आहेत. ती काही आठवड्यांची असते, आणि तिथे आपल्या तरुण खेळाडूंना परदेशी खेळाडूंशी खेळायला मिळतं, हा तिचा मोठा फायदा. वर्षभराची कमाई मात्र युरोपातल्या क्लबांमध्ये आहे. जर्मनीची बुंडेसलिगा त्यातली सगळ्यात नावाजलेली. क्लब हंगामाचा करार करतो, ठरलेले पैसे देतो, बदल्यात खेळाडू क्लबसाठी सामने खेळतो. शरथ कमल आणि जी. साथियान दोघेही जर्मन क्लबांकडून खेळले. रँकिंगमधून बाहेर पडलेला फान झेनदोंगही 2025 मध्ये जर्मनीच्या सारब्रुकेन क्लबकडे गेला. शरथसारख्यांच्या खेळात जी परिपक्वता आली, तिच्यामागे युरोपातले हे हंगाम आहेत, कारण तिथे रोज समोर नवा, तगडा माणूस असतो.

"शेवटी चीनच जिंकतं, मग कशाला?"

चीनचं वर्चस्व खरं आहे. 1988 मध्ये टेबल टेनिस ऑलिंपिकमध्ये आलं तेव्हापासूनची बहुतेक सुवर्णपदकं त्यांच्याकडे गेली आहेत. पण एका देशाला ऑलिंपिक एकेरीत दोनच खेळाडू उतरवता येतात, आणि व्यावसायिक कारकीर्द म्हणजे फक्त सुवर्णपदक नव्हे.

शिवाय भिंतीला तडे जातात. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत बंगालच्या नैहाटीच्या सुतीर्था आणि अयहिका मुखर्जी यांनी दुहेरीत चीनच्या जगज्जेत्या जोडीला चीनमध्येच हरवलं आणि कांस्य आणलं. फेब्रुवारी 2024 मध्ये बुसानच्या जागतिक सांघिक स्पर्धेत चीनविरुद्धच्या लढतीत अयहिकाने तेव्हाच्या जगातल्या अव्वल खेळाडूला, सुन यिंगशाला हरवलं. त्याच लढतीत श्रीजाने वांग यिदीला हरवलं. लढत भारताने 2–3 अशी गमावली, तरी जगाने मान वळवून पाहिलं. पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनिका बत्रा आणि श्रीजा एकेरीत शेवटच्या सोळांत पोचल्या. तिथपर्यंत याआधी एकही भारतीय पोचला नव्हता.

यात रबरचाही हात आहे. नेहमीचं रबर गुळगुळीत असतं, ते चेंडू पकडून फिरकी देतं. मनिकाच्या बॅकहँडला लांब दाण्यांचं रबर आहे. ते समोरून आलेली फिरकी उलटी परत पाठवतं, त्यामुळे प्रतिस्पर्ध्याचे आडाखे चुकतात. असं रबर वापरणं म्हणजे लबाडी, असं काही पालकांना वाटतं. तसं अजिबात नाही. ते पूर्ण नियमात बसतं, आणि दोन बाजूंना दोन वेगळे रंग सक्तीचे असतात ते यासाठीच, की समोरच्याला कळावं चेंडू कुठल्या बाजूने आला.

आपल्याकडे नेमकं काय कमी आहे?

टेबलं आहेत. शाळांत, क्लबांत, रेल्वेच्या संस्थांत, कॉलेजांत. मुलं चपळ आहेत. शिकवणारेही मन लावून शिकवतात. कमी आहे ती समोर उभं राहणाऱ्याची. गावातला सगळ्यात चांगला बारा वर्षांचा मुलगा रोज आपल्यापेक्षा कच्च्या मुलांशी खेळतो, रोज जिंकतो आणि तिथेच थांबतो. त्याला वेगवेगळ्या शैलीचे डावखुरे, दाण्याच्या रबरवाले, मागे हटून चॉप, म्हणजे चेंडू खालून कापून उलटी फिरकी देणारा फटका, मारणारे खेळाडू आठवड्यातून पाच दिवस समोर हवेत. ते नसतील तर राज्य स्पर्धेत मुंबई-ठाण्याच्या मुलासमोर उभं राहिल्यावर समोरच्याची सर्व्हिसच त्याला वाचता येत नाही. पालक म्हणतात "घाबरला". तो घाबरलेला नसतो. तसली फिरकी त्याने आधी पाहिलेलीच नसते.

यावर आपले लोक लगेच पुण्या-मुंबईचा विचार करतात. माझं म्हणणं आहे, आधी तापीच्या खालच्या अंगाला पाहा. भारताच्या पुरुष संघातले हरमीत देसाई आणि मानव ठक्कर दोघेही सुरतचे. मानुष शहा बडोद्याचा. त्याने मुंबईच्या दिया चितळेबरोबर 2025 मध्ये ट्युनिसच्या कंटेंडर स्पर्धेत मिश्र दुहेरी जिंकली. गुजरातने दोन दशकांत हा खेळ उभा केला आणि सुरत नंदुरबारहून गाडीने सकाळी निघून दुपारच्या आत पोचता येईल इतक्या जवळ आहे. सुरतच्या उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत अर्धं खान्देश राहतं. जळगाव-धुळ्याच्या कित्येक घरांचा मामा किंवा काका तिथेच आहे. उन्हाळ्याच्या सुटीतले सहा आठवडे मुलाने मामाकडे राहून रोज तिथल्या मुलांशी खेळावं, दिवाळीत पुन्हा जावं. वसतिगृहाचा खर्च नाही, घरचं जेवण आहे, आणि आपलं मूल नेमकं कुठे उभं आहे हे दोन आठवड्यांत उघड होतं. मुलाला कायमचं बाहेर पाठवायचं की नाही, हा अवघड निर्णय त्यानंतर घ्यावा, आधी नाही. खेळायला मात्र महाराष्ट्राकडूनच नोंदणी ठेवावी. सरावाला राज्याची हद्द आड येत नाही.

"शिक्षणाचं नुकसान?"

होतं, थोडं होतंच. पण साथियानने अभियांत्रिकीचं शिक्षण पूर्ण केलं आणि तरीही तो जगातल्या पहिल्या पंचवीसांत पोचला. आपल्याकडे राष्ट्रीय आणि राज्य स्पर्धा खेळणाऱ्यांना दहावी-बारावीत क्रीडा गुणांची सवलत मिळते. माझा आग्रह एवढाच की शाळा सोडवू नये. सतराव्या वर्षी वयोगटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत मूल मुख्य ड्रॉमध्येही येत नसेल, तर त्या घडीला त्याच्या हातात चांगली बारावी असायला हवी.

आणि खेळ थांबल्यावर?

या खेळात वय लवकर आड येत नाही. शरथने चाळिसाव्या वर्षी बर्मिंगहॅम राष्ट्रकुलमध्ये तीन सुवर्णं जिंकली. लक्झेंबर्गची नी शियालियान पॅरिस ऑलिंपिक खेळली तेव्हा एकसष्ट वर्षांची होती. सगळ्यांचं तसं होत नाही, बहुतेक जण तिशीच्या आसपास नोकरीत स्थिरावतात. काही जण पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून प्रशिक्षणाचा डिप्लोमा करतात, काही पंच होतात, काही मोठ्या अकादमीत पगारी स्पारिंग पार्टनर म्हणून राहतात. आठ वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेले मुंबईचे कमलेश मेहता पुढे राष्ट्रीय महासंघाचे सरचिटणीस झाले.

2030 च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार आहेत, आणि तिथे टेबल टेनिस आहे. आज बारा वर्षांची असलेली मुलगी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची असेल. तिच्यासाठी जळगावात, धुळ्यात, शहाद्यात आत्ता जी व्यक्ती सगळ्यात उपयोगी ठरेल ती म्हणजे राष्ट्रीय स्पर्धा खेळून, रेल्वेत किंवा बँकेत लागून बदलीवर घरी परतलेला पस्तिशीचा खेळाडू. त्याला प्रशिक्षकाच्या खुर्चीवर बसवू नका. संध्याकाळी दोन तास त्याला टेबलाच्या पलीकडे उभं करा आणि मुलांना त्याच्याशी खेळू द्या.